पाच लाखांचे आरोग्य कवच: संशोधन काय सांगते आणि नाशिक जिल्ह्याला नेमके काय हवे?

गोदाकाठ

नमस्कार. १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना विस्तारित स्वरूपात लागू झाली आणि शिधापत्रिकेचा रंग पिवळा, केशरी की शुभ्र हा प्रश्न मागे पडला. आता राज्यातील प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळू शकतात आणि त्या वेळी योजनेतील उपचारांची संख्या १,३५६ झाली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी या नावाने ही योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा मर्यादा दीड लाखांची होती आणि उपचार ९७१ होते. त्या आठ जिल्ह्यांत शेजारचे धुळे होते, पण नाशिक नव्हते. आपल्याकडे योजना आली ती नोव्हेंबर २०१३ मध्ये.

कागदावर पाहिले तर ही मोठी झेप आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो. तरीही गेली काही वर्षे नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या आजारपणात जे पाहिले, त्यातून एक प्रश्न सतत डोक्यात राहतो. विम्याचे कवच वाढले म्हणजे माणसाचे आरोग्य सुधारते का, की फक्त कर्ज टळते? आणि यातले दुसरेच खरे असेल, तर सरकारने आपला मर्यादित पैसा विम्याच्या हप्त्यावर घालावा, की नाशिकमधील संदर्भ सेवा, सिव्हिल, बिटको ही सार्वजनिक रुग्णालये आणि तालुक्यांतील ग्रामीण रुग्णालये सक्षम करण्यावर? या विषयावर जगभर गंभीर संशोधन झाले आहे. ज्यांनी ते वाचले आहे त्यांनी आणि ज्यांनी योजना स्वतः वापरली आहे त्यांनीही लिहावे.

अर्थवेध

आरोग्य अर्थशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

या क्षेत्रातील पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत रँड संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात केला. जोसेफ न्यूहाउस यांच्या नेतृत्वाखाली ५,८०० हून अधिक लोकांना चिठ्ठी पद्धतीने वेगवेगळ्या विमा योजना देण्यात आल्या. काहींना सर्व उपचार मोफत होते, तर काहींना खर्चाचा ठरावीक वाटा स्वतः उचलावा लागत होता. पैसे भरावे लागणाऱ्यांनी सेवा कमी वापरल्या. मात्र त्यांनी अनावश्यक सेवांबरोबर आवश्यक सेवाही टाळल्या. सर्वसाधारण माणसाच्या प्रकृतीवर याचा फारसा परिणाम दिसला नाही, पण गरीब आणि आधीच रक्तदाब असलेल्या लोकांमध्ये मोफत उपचार मिळालेल्यांचा रक्तदाब अधिक चांगला नियंत्रित राहिला.

दुसरा प्रयोग ओरेगन राज्यातला. २००८ मध्ये तेथे मेडिकेड या सरकारी विम्यात मोजक्याच जागा उपलब्ध होत्या आणि सुमारे ९०,००० लोकांनी नावे नोंदवली, म्हणून सोडत काढावी लागली. एमी फिंकेलस्टाइन, कॅथरीन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सोडतीचाच अभ्यासासाठी उपयोग केला. सुमारे दोन वर्षांनंतर विमा मिळालेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण लक्षणीय घटले होते आणि वैद्यकीय खर्चामुळे कुटुंब कोलमडण्याचे प्रसंग जवळजवळ नाहीसे झाले होते. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांत मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठाम म्हणता येईल असा फरक आढळला नाही. तातडीच्या विभागातील गर्दी विम्यामुळे कमी होईल अशी अपेक्षा होती. ती उलट सुमारे ४० टक्क्यांनी वाढली.

म्हणून गोदाकाठ यांच्या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर असे की, विमा कर्जापासून वाचवतो याचे पुरावे भक्कम आहेत, आणि आरोग्य सुधारते याचे पुरावे परिस्थितीनुसार बदलतात.

पेठरोड

माहिती उत्तम आहे, परंतु ओरेगनमधला माणूस आणि आपल्या पेठ तालुक्यातला माणूस यांच्या परिस्थितीत फार अंतर आहे. भारतातले काही संशोधन असल्यास सांगावे.

अर्थवेध

@पेठरोड, आक्षेप रास्त आहे. शेजारच्या कर्नाटकातच दोन महत्त्वाचे अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष परस्परांपासून बरेच दूर आहेत.

पहिला वाजपेयी आरोग्यश्री योजनेवरचा, २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेला. योजना आधी राज्याच्या उत्तर भागात लागू झाली होती. त्यामुळे नीरज सूद आणि सहकाऱ्यांनी सीमारेषेच्या दोन्ही बाजूंच्या, एरवी सारख्याच असलेल्या गावांची तुलना केली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत, योजनेत समाविष्ट असलेल्या आजारांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण योजनेच्या बाजूला ०.३२ टक्के आणि पलीकडे ०.९० टक्के आढळले. रुग्णालयात दाखल झाल्यावर खिशातून होणारा खर्चही सुमारे एक तृतीयांशाने कमी होता.

दुसरा अभ्यास राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेवरचा, म्हणजे २००८ मध्ये सुरू झालेल्या ३०,००० रुपयांच्या स्मार्ट कार्डाच्या योजनेवरचा. अनुप मलानी आणि सहकाऱ्यांनी दारिद्र्यरेषेच्या वरच्या १०,००० हून अधिक कुटुंबांवर चिठ्ठी पद्धतीने हा प्रयोग केला. कार्ड अनेकांनी घेतले. तथापि अनेकांना गरजेच्या वेळी ते वापरता आले नाही. कोणी न्यायला विसरले, कोणाला वापरायचे कसे हे ठाऊक नव्हते, तर कुठे रुग्णालयानेच कार्ड स्वीकारले नाही. आरोग्याच्या बहुतेक निर्देशकांवर ठळक परिणाम दिसला नाही.

आरोग्यश्रीत हृदयविकार, कर्करोग यांसारखे महागडे आणि जीवघेणे आजार होते, शिवाय गावात शिबिरे घेऊन रुग्ण शोधले जात आणि त्यांना मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचवले जात असे. माझ्या मते दोन निष्कर्षांतला फरक बऱ्याच अंशी येथे आहे.

सह्यकडा

अर्थवेध, शेवटच्या परिच्छेदाबद्दल तुमचे आभार, कारण मी सुरगाणा तालुक्यात आरोग्य क्षेत्रातच काम करते आणि नेमकी हीच गोष्ट रोज पाहते.

आमच्याकडच्या कुटुंबांना योजनेचे नाव माहीत नाही असे आता राहिलेले नाही. अडचण पुढे सुरू होते. हृदयाची, मेंदूची किंवा कर्करोगाची शस्त्रक्रिया करू शकणारी अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेली, रुग्णालये नाशिक शहरात एकवटलेली आहेत. घाट ओलांडून शहरात यायचे, अनोळखी रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष शोधायचा, कागदपत्रांत नावाचे स्पेलिंग जुळत नसेल तर पुन्हा गावी जायचे, आणि उपचारांआधीची मंजुरी, म्हणजे पूर्वमान्यता, येईपर्यंत सोबतच्या माणसाने कुठेतरी मुक्काम करायचा. हा सगळा खर्च ५ लाखांत धरलेला नाही. द्राक्षांच्या छाटणीच्या आणि काढणीच्या हंगामात आमच्याकडची निम्मी तरुण माणसे दिंडोरी-निफाडच्या बागांवर असतात. त्या दिवसांत दुखणे अंगावर काढण्याकडेच कल असतो, कारण दाखल होणे म्हणजे हंगामाची मजुरी बुडणे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी रोज लागते. योजना मात्र मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामी येते. गोळी नियमित न मिळाल्यामुळे पक्षाघात झाला, की त्यानंतर योजना मदतीला येते. उपकेंद्रात ती गोळी वर्षभर न चुकता मिळाली, तर त्यातले कितीतरी पक्षाघात टळतील. माझ्या दृष्टीने पहिली सुधारणा तिथे हवी.

पंचवटीकर

सह्यकडाताईंशी पूर्ण सहमत.

जाता जाता एक विचारतो. माझ्या आईचे वय ७४ आहे. तिच्यासाठी वेगळे कार्ड काढावे लागते असे ऐकले, ते खरे आहे का?

निवृत्त_लेखापाल

@पंचवटीकर, होय. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील सर्व नागरिकांसाठी, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. कुटुंब आधीच केंद्राच्या आयुष्मान भारत या आरोग्य विमा योजनेत असेल, तर ज्येष्ठांसाठी स्वतंत्र ५ लाखांचे जादा कवच असते. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ घेणाऱ्यांना मात्र दोन्हींतून एकाची निवड करावी लागते. नोंदणी आधार कार्डावर होते आणि १४५५५ या क्रमांकावर माहिती मिळते. आजारपण येण्यापूर्वीच कार्ड काढून ठेवावे, ही आग्रहाची विनंती.

मूळ विषयावर दोन गोष्टी लिहितो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हा आकडा विमा योजनांच्या यशाचा पुरावा म्हणून वारंवार सांगितला जातो. परंतु अलीकडच्या वर्षांचे अंदाज २०१७-१८ च्या नमुना सर्वेक्षणाच्या आधारावर पुढे मांडलेले आहेत, म्हणजे आयुष्मान भारत सुरू होण्यापूर्वी गोळा केलेल्या माहितीवर. त्याच सर्वेक्षणात आरोग्य खर्चाचे कोणतेही संरक्षण असलेल्यांचे प्रमाण ग्रामीण भागात सुमारे १४ टक्के आणि शहरी भागात सुमारे १९ टक्के होते. तेव्हा या घटीचे श्रेय विम्याला देण्याची घाई करू नये.

दुसरी गोष्ट लेखापरीक्षणाची. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा आयुष्मान भारतवरील अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल क्रमांकाशी जोडलेले त्यात आढळले. नोंदणी अशी असेल, तर खरा लाभार्थी कोण आणि त्याला काय मिळाले याचा शोध घेणेच अवघड होते. हिशेबाच्या कामात आयुष्य गेल्यामुळे मला ही बाब अतिशय गंभीर वाटते.

शल्यविशारद

मी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी छोटे रुग्णालय चालवतो. खासगी डॉक्टरांची बाजूही येथे यावी, म्हणून लिहितो आहे.

योजनेत प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रकमेचे पॅकेज असते. त्यात खोलीचे भाडे, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, जेवण आणि रुग्ण घरी गेल्यानंतरच्या काही दिवसांची औषधेही धरलेली असतात. मोठ्या रुग्णालयाला रुग्णसंख्या अधिक असल्यामुळे हे परवडू शकते. वीस-पंचवीस खाटांच्या रुग्णालयाला अनेक पॅकेजमध्ये प्रत्यक्ष खर्चही भरून निघत नाही. शिवाय रक्कम वेळेवर मिळेल याची खात्री नसते, आणि एखादा अहवाल कमी पडला म्हणून दावा नाकारला गेला तर रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत, आणि ते घेऊ नयेच. अशा स्थितीत अनेक सहकारी योजनेत येण्याचे टाळतात. सह्यकडा म्हणतात तशी सगळी रुग्णालये शहरात एकवटण्याचे हे एक मोठे कारण आहे. सरकारने पॅकेजचे दर खर्चाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासावर ठरवावेत, तालुक्याच्या ठिकाणी ते थोडे जास्त ठेवावेत आणि ठरलेल्या मुदतीनंतर व्याजासह रक्कम द्यावी, तर चित्र बदलेल.

दिंडोरीची_लेक

डॉक्टरसाहेब, तुमची अडचण समजते. पण रुग्णाच्या बाजूचेही ऐका.

माझ्या वडिलांना मूत्रपिंडाचा आजार आहे आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावे लागते. योजना नसती तर आमची जमीन केव्हाच गेली असती, हे मी आधी स्पष्टपणे सांगते. डायलिसिसचे पैसे आम्हाला भरावे लागत नाहीत. परंतु सुरुवातीला ज्या खासगी रुग्णालयात त्यांना दाखल केले, ते योजनेत असूनही "योजनेचे नंतर पाहू, आधी अनामत भरा" असे आम्हाला सांगण्यात आले. भावाने सोसायटीतून उचल घेतली. मंजुरी आल्यावर त्यातली काही रक्कम परत मिळाली, काही "योजनेबाहेरच्या तपासण्या" या नावाखाली तशीच राहिली आणि तिची पावती मिळाली नाही. त्या वेळी १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते हे आम्हाला कोणी सांगितले नाही. वडील आत, आई बाहेर रडते आहे, अशा वेळी नियम विचारण्याचे बळ कोणात असते?

आता उपचार दुसरीकडे सुरळीत चालू आहेत. पण गाडीभाडे, सोबतच्या माणसाचा बुडालेला दिवस आणि बाहेरून घ्यावी लागणारी औषधे यांत महिन्याला मोठी रक्कम जाते. रुग्णालयातून घरी परतण्याचे एसटीचे भाडे देण्याची तरतूद या योजनेत पहिल्यापासून आहे, हे मला खूप नंतर कळले. आठवड्याला तीन फेऱ्या करणाऱ्या रुग्णाला प्रत्येक फेरीचे भाडे का मिळू नये?

शल्यविशारद

@दिंडोरीची_लेक, तुमच्याबाबत जे घडले ते सर्वस्वी चुकीचे होते आणि त्याचे समर्थन मी कधीही करणार नाही. अनामत घेणे योजनेच्या नियमात बसत नाही. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा झाली असून रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक आहे. आमच्या संघटनेनेच याचा आग्रह धरायला हवा, हे मी बैठकीत मांडेन.

सातपूरकर

या चर्चेत कामगार राज्य विमा योजनेचा उल्लेख आला नाही याचे आश्चर्य वाटते. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींमुळे नाशिकमध्ये हजारो कुटुंबे तिच्यावर अवलंबून आहेत. १९४८ च्या कायद्याने आलेली ही योजना रचनेच्या दृष्टीने आजही सर्वांत परिपूर्ण आहे असे मी म्हणेन. तिच्यात बाह्यरुग्ण तपासणी आहे, रोजची औषधे आहेत, आणि आजारपणात काम बुडाले तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. म्हणजे सह्यकडा आणि दिंडोरीच्या ताईंनी मांडलेल्या तिन्ही अडचणींची, गोळीची, मजुरीची आणि रुग्णालयाची, दखल ७५ वर्षांपूर्वीच्या कायद्याने घेतली होती. कामगार वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो.

उणीव व्याप्तीत आहे. वेतनाची मर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये होती, आणि पगार तिच्यावर गेला की कामगार योजनेबाहेर जातो. कंत्राटी कामगाराचे नाव अनेकदा नोंदवलेच जात नाही. आणि शेतमजूर तर मुळातच बाहेर.

पेठरोड

सातपूरकरांनी लाखमोलाचा मुद्दा मांडला. बागेवरच्या मजुराला बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळाली, तर तो दुखणे अंगावर काढणार नाही.

मविप्र_चौक

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. विम्याला इतका दोष देणे योग्य नाही. सरकारी रुग्णालये सुधारा, हे आपण देशाच्या आरोग्य व्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या १९४६ च्या भोर समितीपासून ऐकत आलो आहोत. पैशांअभावी कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, असे त्या समितीने तेव्हाच लिहून ठेवले होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्य खर्च सकल उत्पादनाच्या २.५ टक्के करण्याचे ठरवले, आणि २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. ज्याला आज हृदयाची शस्त्रक्रिया हवी आहे, तो रिक्त पदे भरण्याची वाट पाहू शकत नाही. विम्याने त्याला निदान आजच दार उघडून दिले. सरकारी रुग्णालयालाही योजनेतून दाव्याची रक्कम मिळते, हे विसरू नये.

अर्थवेध

@मविप्र_चौक, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि दोन्हींचा मेळ घालता येतो हे थायलंडने दाखवले आहे. तेथे २००२ पर्यंत देशभर लागू झालेल्या योजनेत रुग्णाने प्रत्येक भेटीला फक्त ३० बाट (तेथील चलन) द्यायचे होते. पैसा मात्र प्रत्येक शस्त्रक्रियेमागे न देता परिसरातील लोकसंख्येच्या प्रमाणात तेथील सार्वजनिक रुग्णालयांना आगाऊ दिला गेला. त्यामुळे आधी दुर्लक्षित राहिलेल्या भागांकडे निधी वळला. जोनाथन ग्रुबर, नॅथनियल हेंड्रेन आणि रॉबर्ट टाऊनसेंड यांच्या २०१४ मधील अभ्यासात गरीब गटांनी सेवांचा वापर वाढवल्याचे आणि बालमृत्यूंचे प्रमाण घटल्याचे आढळले.

याउलट मेक्सिकोच्या सेगुरो पॉप्युलर या सरकारी आरोग्य विमा योजनेची चाचणी गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी केली, तेव्हा पहिल्या दहा महिन्यांत कुटुंब कोलमडवणारा खर्च घटला, परंतु औषधांवरचा खर्च आणि आरोग्याचे निर्देशक जागेवरच होते. एवढ्या थोड्या अवधीत आरोग्य बदलणे कठीण असते हे खरे. तरीही औषधांबाबतचा निष्कर्ष आपल्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडेही लोकांच्या खिशातून जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग औषधांवर आणि बाह्यरुग्ण उपचारांवर खर्च होतो.

शस्त्रक्रियेमागे पैसे देण्याचा धोकाही नोंदवतो. २०१२ मध्ये छत्तीसगडमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या स्मार्ट कार्डावर गरज नसताना गर्भाशये काढल्याचे आरोप झाले होते. पैसे कोणत्या कामाचे मिळतात, त्यावर कोणते काम वाढेल हे ठरते.

सह्यकडा

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले आहेत, याचीही नोंद घ्यावी. केसपेपरचे पैसे गेल्याने लोक येऊ लागले. आता त्यांना औषध आणि डॉक्टर दोन्ही मिळाले पाहिजेत.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. मूळ प्रश्न विचारताना विमा की रुग्णालय अशी माझी मांडणी होती. चर्चा वाचून मला असे वाटते की, नाशिक जिल्ह्यासाठी आधी माहिती हाती हवी, कारण आपण ओरेगन आणि कर्नाटकाबद्दल जितके बोललो, तितके आपल्या पंधरा तालुक्यांबद्दल बोलू शकलो नाही. म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज करण्याचे ठरवले आहे. तालुकानिहाय किती रुग्णांनी योजनेचा लाभ घेतला, त्यांपैकी किती जणांवर स्वतःच्याच तालुक्यात उपचार झाले, पूर्वमान्यता सरासरी किती काळात मिळाली, किती दावे का नाकारले गेले आणि किती तक्रारींत रुग्णाला पैसे परत मिळाले, हे विचारणार आहे. त्याच अर्जात उपकेंद्रांवरील रक्तदाब आणि मधुमेहाच्या औषधांचा साठा वर्षभरात किती दिवस शून्यावर होता, हेही मागेन. आणखी काय विचारावे?

निवृत्त_लेखापाल

औषधसाठ्याचा प्रश्न वेगळ्या अर्जात विचारा. दोन्ही विषयांचे जनमाहिती अधिकारी वेगळे असतील आणि एकत्र अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील. मसुदा पाठवलात तर मी तपासून देतो.

दिंडोरीची_लेक

घरी परतण्याचे भाडे किती रुग्णांना प्रत्यक्ष दिले गेले, हेही विचारा. आणि मंजुरी नाकारल्याचे कारण रुग्णाला लेखी आणि मराठीत दिले जाते का, दिले जात असेल तर त्याचा नमुना मागा. आमच्याकडे जो कागद आला होता तो इंग्रजीत होता आणि आई तो घेऊन प्रत्येकाला विचारत फिरत होती.

गोदाकाठ

दोन्ही प्रश्न घेतले आहेत. मसुदा रविवारपर्यंत येथेच टाकतो.